माऊस अडकला

ता. साक्री, जि. धुळे
१४ जून २०२५

प्रिय शिल्पाताई,
सप्रेम जय भीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच बाजूला ठेवशील, अशी भीती वाटते. म्हणून आधीच सांगतो, भांडायला लिहीत नाही. धुळ्याचा तो कॉम्प्युटर गेमचा सामना आपण माझ्यामुळे हरलो, हे तू तेव्हाच म्हणाली होतीस. माझी चूक नेमकी काय होती ते मला आता सापडलं आहे. तेवढंच कळवायचं आहे.

फोनचा प्रश्नच नाही. माझा नंबर तू बंद केलास त्याला दीड वर्ष होत आलं. पिंप्राळ्याला घरी लिहिलं असतं तर पत्र अण्णांच्या हातात पडलं असतं. पाच वर्षं तुमच्या घरात राहून मी शिकलो, पण आता बायकोच्या बहिणीचा मुलगा म्हणून सुद्धा ते मला ओळख देत नाहीत. म्हणून तुझ्या डीटीपीच्या दुकानाचा पत्ता टाकला.

मी इथे साक्रीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला, एका ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर असतो. दाखले काढतो, अर्ज भरतो, म्हाताऱ्या माणसांचे अंगठे मशीनवर घेतो. गेल्या आठवड्यात ऑफिसचा माऊस बंद पडला. साक्रीहून दुसरा येईपर्यंत काम अडू नये म्हणून मी पेटीतून तुझा तो बिनवायरचा माऊस काढला. हो, तो मी टाकून दिलेला नाही. धुळ्याच्या स्टँडवर तू माझ्या अंगावर फेकलास तेव्हापासून माझ्याकडेच आहे.

त्याचा नखाएवढा रिसीव्हर मी कॉम्प्युटरच्या मागे लावला. शेजारच्याच खाचेत ऑफिसची हार्ड डिस्क होती. आणि ताई, पॉइंटर अडखळायला लागला. एक पाऊल चालायचा, थांबायचा, एकदम उडी मारायचा. डिस्क काढली, सरळ चालला. परत लावली, परत तेच. मग रिसीव्हर हातभर वायरीने पुढे टेबलावर आणून ठेवला, तेव्हा डिस्क चालू असूनही काही झालं नाही. मी तीन दिवस हे करून बघितलं. डिस्कच्या खाचेतून जी गडबड बाहेर पडते, तिच्यात रिसीव्हरला माऊसचं ऐकूच येत नाही.

धुळ्याच्या हॉलमध्ये तुझा रिसीव्हर मी लावला होता. आयोजकांनी सामना रेकॉर्ड करायला लावलेली डिस्क त्याच्या शेजारी होती. मला ती दिसली होती. हातभर वायर माझ्या बॅगेत पडून होती.

मुळात वायरचा माऊस सोडायला मीच तुला लावलं. खेळताना तू मधेच थांबून हात झटकायचीस. विचारलं की म्हणायचीस, वायर ओढते रे. मी वायर मॉनिटरच्या वर कपड्यांच्या चिमट्यात अडकवून दिली, तरी तू झटकतच होतीस. म्हणून हलका, वायर नसलेला आणला. माऊसला शेपूट नाही म्हणून अण्णा हसले होते, "आते बिगर शेपटीना उंदीर बी उनात का?" तू मात्र हसली नाहीस. सामना तोंडावर असताना खेळणाऱ्याच्या हातातली सवय मोडू नये, हे नवशिक्यालाही कळतं. मला कळलं नाही.

एवढंच. माफ कर म्हणायचा मला हक्क आहे की नाही, ठाऊक नाही.

तुझा,
युवराज


जळगाव
२७ जून २०२५

प्रिय युवराज,
जय भीम.

पत्र मिळालं. दुकानाचे मालक हितेंद्रभाऊ दोनदा विचारून गेले, कोणाचं आहे म्हणून. इथे बिलं सोडून पोस्टाने काही येत नाही.

झालं ते झालं. तू एवढं शोधत बसायला नको होतंस. माऊस असो नाहीतर आणखी काही, हरलो तर हरलो. मी आता खेळत नाही. कॉम्प्युटर पुढच्या खोलीत झाकून ठेवला आहे, आईने त्याच्यावर तिचं भरतकामाचं कापड टाकलं आहे.

आई बरी आहे. अण्णा सकाळी फिरायला जातात. तुझं नाव घरात कोणी काढत नाही.

तुला माफ केलं, असं एक वाक्य मी लिहिलं होतं. वाचून काढून टाकलं. त्याचा अर्थ वेगळा घेऊ नकोस.

शिल्पा


ता. साक्री
९ जुलै २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

तू उत्तर दिलंस हेच पुष्कळ झालं. पत्र छापून पाठवलंस, अगदी नोटिशीसारखं, खाली नावही छापलेलंच. तेव्हाच समजलो, राग अजून गेलेला नाही. काढून टाकलेल्या वाक्याचा अर्थही समजला. तुझं बरोबर आहे. नसेल केलं माफ तर खोटं कशाला लिहायचं?

तू खेळायचं सोडलंस हे वाचून मात्र वाईट वाटलं. आपल्या दोघांत नेम तुझा होता. मी फक्त कुठून जायचं, कधी थांबायचं ते सांगायचो. जळगावात तुझ्यासारखी नेमबाज मी दुसरी बघितली नाही, पोरांतही नाही.

शोधत बसायला नको होतंस म्हणतेस, पण दुसरं काय करणार होतो? पुण्याला नाही म्हटल्यावर हाताशी तेवढंच उरलं होतं. तो माऊस मी कितीदा उघडला असेन. स्क्रू घासून गुळगुळीत झाले आहेत.

इथे पाऊस बरा आहे. समोरचा डोंगर दिवसचे दिवस दिसत नाही. भात लावायला सगळं गाव शेतात, त्यामुळे ऑफिसात शांतता.

आईला (म्हणजे तुझ्या द्रौपदामावशीला) तुझं पत्र आल्याचं सांगितलं. चोपड्याहून तिने तुला आशीर्वाद सांगितले आहेत.

युवराज


जळगाव
१६ जुलै २०२५

युवराज,

पुण्याचं काय?

तू पुण्याला नाही म्हटलंस म्हणजे कशाला? कधी? कोणी विचारलं होतं? मावशी काही बोलली नाही. सगळं नीट लिही.

शिल्पा


ता. साक्री
२४ जुलै २०२५

प्रिय ताई,

मला वाटलं तुला माहीत असेल. आई बोलली नाही, कारण मीच तिला शपथ घातली होती. मी विसरलो होतो.

फार मोठं काही नाही. सामन्यानंतर चौथ्या दिवशी पुण्याहून एका टीमच्या प्रशिक्षकांचा फोन आला. त्यांनी आपल्या सामन्याचं रेकॉर्डिंग बघितलं होतं. मला म्हणाले, तुझी आखणी चांगली असते, सहा महिने इथे राहून सराव कर, राहायचं-जेवायचं आमच्याकडे. जमलं तर टीममध्ये घेऊ. त्यांनी तुझंही विचारलं. म्हणाले, ती मुलगी एवढी चांगली खेळत होती, शेवटी तिला काय झालं? मी म्हणालो, माऊस अडकला. आणि मग म्हणालो, मला नाही जमणार.

आदल्याच दिवशी अण्णांनी मला पिशवी भरायला सांगितली होती. तुला आठवत असेल, तू घरातच होतीस. धुळ्यापर्यंत खेळू द्या, जिंकली तर तिचं तिला ठरवू द्या, असा शब्द मी त्यांच्याकडून घेतला होता. तो वाया गेला. ज्याच्यामुळे ताई हरली तोच चार दिवसांनी पुण्याला निघाला, हे मला कसं शोभलं असतं? चोपड्याला गेलो, वर्षभर केळीच्या वखारीत हिशेबनीस होतो, मग ही नोकरी निघाली.

त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. मी तुला ते सांगण्यासाठी लिहिलं नव्हतं.

युवराज


जळगाव
१९ ऑगस्ट २०२५

युवराज,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. दुकानात गिऱ्हाईक असताना लिहिता येत नाही आणि घरी अण्णा असतात. आज हितेंद्रभाऊ भुसावळला गेले आहेत. मी शटर अर्धं ओढून बसले आहे.

माऊस अडकला नव्हता.

तुझ्या ऑफिसात तो डिस्कपाशी अडखळला असेल, ते खरं असेल. पण धुळ्याला तो अडखळला नाही. एकदाही नाही. तो माझ्या हाताखाली पाण्यासारखा फिरत होता. माझी बोटं बधिर झाली होती.

हे त्याच्या आधीच्या दिवाळीपासून चाललं होतं. उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं. सकाळी उठलं की मुंग्या यायच्या, मग दुपारीही यायला लागल्या. दुकानात कात्री सुटायची, चहाचा पेला सुटायचा. दिवसभर टायपिंग, संध्याकाळी आपला सराव. मला वाटलं, धुळं होऊन जाऊ दे, मग डॉक्टरकडे जाऊ. घरी सांगितलं असतं तर अण्णांनी त्याच दिवशी खेळ बंद केला असता आणि दुकानही. मग काय राहिलं असतं माझ्याकडे? बघायला येणारी स्थळं.

तू विचारायचास, हात का झटकतेस? मी पहिल्यांदा जे तोंडात आलं ते बोलले, वायर ओढते. तू लगेच विश्वास ठेवलास. चिमटा आणलास. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, बघू तुझा हात. तू वायरीकडे बघितलंस, कारण मी वायरीचं नाव घेतलं होतं.

तू बिनवायरचा माऊस घेऊन आलास तेव्हा मी हसले नाही, हे तुझ्या लक्षात राहिलं. माझा तुझ्यावर राग नव्हता. मी घाबरले होते. जुना माऊस होता तोवर दोष द्यायला वायर होती. आता काय सांगणार होते? माऊस चांगला होता रे. इतका हलका की पहिले आठ दिवस मलाच वाटलं, वायरच असेल, गेली एकदाची. नवव्या दिवशी हातातून ताट पडलं.

शेवटचा डाव तुला तुझ्या बाजूने माहीत आहे. आपले आणि त्यांचे डाव बरोबरीत होते. तू बाद झाला होतास, त्यांचाही एक बाद. मी आणि त्यांचा दुसरा उरलो होतो. तू हेडफोनमधून माझ्या कानात म्हणालास, दारातून येईल, थांब. तो दारातूनच आला. पाठमोरा. माझा नेम त्याच्या डोक्यावर होता, युवराज. नेम हलला नाही. मी बटण दाबलं, असं मला वाटलं. बोटाला काहीच कळलं नाही, दाबलं की नाही. म्हणून परत दाबायला गेले तर सगळा हातच घसरला आणि नेम भिंतीवर गेला. तोवर तो वळला.

मी खुर्चीत बसून हाताकडे बघत होते. तू धावत आलास. तू विचारलंस, "माऊस अडकला ना ताई?"

मी म्हटलं, "हो."

बस, तेवढं एकच अक्षर. तेव्हा मला ते खोटंही वाटलं नाही. तू हात पुढे केलास आणि मी धरला, असं वाटलं. पण मग आयोजकांनी विचारलं, त्यांनाही तेच सांगितलं. स्टँडवर तू म्हणालास, माझं चुकलं, हा माऊस आणायला नको होता. तेव्हा मी गप्प राहायला हवं होतं, किमान. मी म्हणाले, तुझ्या हट्टापायी झालं, आणि तो तुझ्यावर फेकला. मला माझ्या बोटांचा राग आला होता. बोटं फेकता येत नव्हती.

घरी येईपर्यंत ती गोष्ट पक्की झाली होती. अण्णांनी तुला पिशवी भरायला सांगितलं तेव्हा मी ओट्याशी पीठ मळत होते, डाव्या हाताने. तू दारात थोडा वेळ थांबलास, हे मला पाठीला कळत होतं. मी वळले नाही.

तुझा नंबर बंद केला तो रागाने नाही. तुझा आवाज ऐकला असता तर सांगावं लागलं असतं.

पहिलं पत्र छापून पाठवलं, कारण मला पेन धरता येत नाही. हेही डाव्या हाताने टाइप करते आहे, एका बोटाने. तुझ्या माफीच्या पत्राला उत्तर देताना मी ‘माफ केलं’ लिहिलं आणि ते वाक्य बघून मला माझीच किळस आली. तरीही खरं लिहिलं नाही. पुण्याचं कळलं नसतं तर आजही लिहिलं नसतं. हे तुला माहीत असावं.

मला वाटत होतं, मी फक्त एक सामना हरल्याचा दोष तुझ्यावर टाकला. तुझं काय काय गेलं ते मला माहीतच नव्हतं. पण विचारलंही नव्हतं ना.

शिल्पा


जळगाव
५ ऑक्टोबर २०२५

युवराज,
जय भीम.

दीड महिना झाला. तुझं उत्तर नाही. पत्र पोहोचलं नसेल, असं मी काही दिवस स्वतःला सांगत होते. मग मावशीचा आईला फोन आला, त्यात ती म्हणाली, युवराज हल्ली बोलत नाही फारसा. म्हणजे पोहोचलं.

माझ्या मनगटाचं ऑपरेशन झालं, गेल्या महिन्यात. छोटंसंच असतं. डॉक्टर म्हणाले, दीड वर्ष आधी आला असतात तर सगळं परत आलं असतं. अंगठ्याच्या मुळाशी जो मऊ भाग असतो तो माझा वाळून गेला आहे. जेवढं येईल तेवढं येईल. टाके निघाले. बटण लावता येतं, वेणी घालता येत नाही.

घरी सांगितलं की टायपिंगमुळे झालं, दोन-चार महिन्यांपासून दुखत होतं. म्हणजे परत खोटंच. तोंडाला तीच सवय लागली आहे. आई विहारात माझ्यासाठी मेणबत्ती लावून आली.

उत्तर दे असं म्हणत नाही. तू वाचलंस एवढं कळलं तरी चालेल.

शिल्पा


ता. साक्री
१३ ऑक्टोबर २०२५

ताई,
जय भीम.

वाचलं. आलं त्या दिवशीच वाचलं होतं.

खरं सांगतो, मला तुझ्या हाताबद्दल आधी काही वाटलं नाही. आधी तो माऊस आठवला. दीड वर्ष मी तो उघडत होतो, पुसत होतो, प्रत्येक बटणाखाली बघत होतो. जून महिन्यात मला तो दोष सापडला तेव्हा मी त्या ऑफिसात एकटाच रडलो होतो, आनंदाने. निदान कारण तरी मिळालं म्हणून. आणि त्यानंतर तुला माफीचं पत्र लिहिलं. ते तू वाचलंस आणि मला लिहिलंस, शोधत बसायला नको होतंस. हे मला सगळ्यात जास्त लागलं. सामना नाही, पुणं नाही. ते पत्र.

म्हणून लिहिलं नाही. लिहायला बसलो असतो तर वाईट लिहिलं असतं.

सप्टेंबरात एकदा, रेंज मिळते त्या टेकाडावर जाऊन पुण्याला फोन लावला. ते प्रशिक्षक अजून तिथेच आहेत. मी नाव सांगितलं, धुळ्याचा सामना सांगितला. त्यांनी मला ओळखलं नाही. आम्ही आता अठरा-एकोणीसची मुलं घेतो, असं चांगल्या शब्दांत म्हणाले. मी चोवीसचा आहे. ते दार लागलं, ताई. हे तुला लपवून काय करू?

पण एक गोष्ट माझ्याही बाजूने लिहायला हवी, नाहीतर मीही खोटा ठरेन. पुण्याला नाही म्हणालो ते सगळं तुझ्यासाठी नव्हतं. मला भीती वाटत होती. तिथली पोरं लहानपणापासून खेळलेली, इंग्रजीत बोलणारी. मी चोपड्याचा. तिथे जाऊन परत पाठवला गेलो असतो तर? ताईसाठी नाही म्हणालो, हे मनाला बरं वाटलं. त्यात मी थोडा मोठा दिसत होतो. किती भीती आणि किती तू, ते मला आता वेगळं काढता येत नाही. म्हणून सगळं तुझ्या पदरात घालणार नाही.

आणखी एक. इथे दिवालीबाई म्हणून एक आजी दर महिन्याला पेन्शनला येतात. जन्मभर लाकूड फोडून आणि गवत कापून त्यांच्या बोटांवरच्या रेषा गेल्या आहेत. मशीन त्यांचा अंगठा घेत नाही. मी त्यांचा हात पुसतो, तेल लावतो, परत ठेवतो, दुसरं बोट बघतो. अर्धा-अर्धा तास जातो. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या आल्या होत्या. त्यांचा हात धरून बसलो असताना माझ्या मनात आलं, ताई दोन महिने माझ्यासमोर हात झटकत होती, मी तिचा हात एकदाही धरून बघितला नाही. आणि धुळ्यालाही तुला काय झालं असं विचारलंच नाही. उत्तर घालूनच प्रश्न विचारला. तुला फक्त हो म्हणायचं उरलं होतं. ते तू म्हणायला नको होतंस. पण विचारायलाही तसं नको होतं.

राग आहे. आहे म्हणूनच सांगतो. कमी होईल की नाही, माहीत नाही.

आता एकच मागतो. माझ्यासाठी नाही. गेल्या वर्षी दिवाळीत अण्णा चोपड्याला आले होते. मी घरात आहे हे कळल्यावर दारातूनच परत फिरले. पाणीही घेतलं नाही. आई त्यांच्या मागे गल्लीच्या टोकापर्यंत गेली, भाऊजी, भाऊजी करत. त्या दिवसापासून तुमच्या घरचं कोणी दिसलं की ती मान खाली घालते, तिच्या पोराने कोणाचं तरी वाटोळं केलं म्हणून. मी केलं नव्हतं, आणि तिने तर काहीच केलं नव्हतं.

मी कोणाला सांगणार नाही. ते तुझं आहे.

हाताला जप. गरम पाण्यात धरत जा.

युवराज


जळगाव
२६ ऑक्टोबर २०२५

प्रिय युवराज,
सप्रेम जय भीम.

काल दुपारी जेवणं झाल्यावर मी सांगितलं. आई आणि अण्णा दोघंही होते. मी ठरवलं होतं, तुझं पत्र आल्याच्या दिवशीच सांगायचं. मग म्हटलं सण होऊन जाऊ दे. असे आठ दिवस गेले. तुझ्या आईने मान खाली घातल्याचं वाचूनही मला आठ दिवस लागले, हे तुला सांगितलंच पाहिजे.

सुरुवात हातापासून केली. आईला वाटलं ऑपरेशनचं काहीतरी बिघडलं, ती उठून जवळ आली. मी म्हटलं, बस आधी. मग सगळं सांगितलं. वायर, नवा माऊस, ते बटण, माझा ‘हो’, स्टँड, पीठ मळणं, पुण्याचा फोन, सगळं. तुझी पत्रं वाचून दाखवली. तुझं भीतीचं वाक्यही वाचलं. ते गाळलं असतं तर तू जास्त चांगला वाटला असतास, पण मला आता काहीच गाळायचं नव्हतं.

आई रडली, आणि मग माझ्यावर चिडली, आणि मग माझा हात मांडीवर घेऊन बसली. तिने मला एवढंच विचारलं की द्रौपदाला आता मी काय तोंड दाखवू? तिची सख्खी बहीण, आणि आई इतके दिवस तिच्याशी फोनवर तुटक बोलत होती.

अण्णा खाटेवर होते. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढलेला माणूस, गाडीचा आवाज ऐकून सांगायचा काय बिघडलंय ते. त्यांनी माझ्याकडे बघून एकच विचारलं, "धुयाले बी हात असाच व्हता?"

मी हो म्हटलं.

मला वाटलं मला मारतील, किंवा घराबाहेर जायला सांगतील, जसं तुला सांगितलं होतं. त्यांनी तसं काही केलं नाही. माझ्याशी बोललेच नाहीत. भिंतीकडे बघून म्हणाले, "पोऱ्या एकला सोसत ऱ्हायना." खरंच, तू एकटाच सोसत राहिलास.

संध्याकाळी त्यांनी स्वतः चोपड्याला मावशीला फोन लावला. पहिल्यांदाच. फोन बाहेर घेऊन गेले, काय बोलले ते मला कळलं नाही. आत आले तेव्हा डोळे लाल होते. आईने म्हटलं, युवराजला बोलावून घ्या आता, भाऊबीजेला तर आला नाही. ते म्हणाले, त्याला कशाला बोलवायचं, घालवलं मी. "सकाय मीच जास."

म्हणून हे पत्र पोस्टाने येत नाही. त्यांच्याच हातात देते आहे. सकाळच्या गाडीने धुळ्याला, तिथून साक्री, पुढे जीप मिळेल ती. गावाचं नाव कागदावर डाव्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहून दिलं आहे. त्यांचा गुडघा दुखतो म्हणून मी म्हटलं होतं सोबत येते. त्यांनी नको म्हटलं. आणि तूही मला बोलावलेलं नाहीस. ते बरोबर आहे. तुला वाटेल तेव्हा, वाटलं तर.

तुझं जे गेलं ते मला परत देता येणार नाही. त्याचा विचार मी रोज करते, आणि रोज तो तिथेच येऊन थांबतो.

अण्णांनी तुझ्याशी काय बोलायचं ते गाडीत ठरवतो म्हणून सांगितलं आहे, पण त्यांचं काही ठरणार नाही. ते तुला पाकीट देतील आणि तू वाचेपर्यंत तिथेच उभे राहतील. तू आधी त्यांना खुर्ची दे.

शिल्पा